डोळे कोरडे पडतात? मेडिकलमधून थेंब घेण्याआधी एवढं वाचा

दिवसभर खडूची धूळ, संध्याकाळी ऑनलाइन माहिती भरणं आणि रात्री मोबाईल. मग डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं, जळजळ होते. आपण मेडिकलमध्ये जातो आणि म्हणतो, "डोळ्यांचा एखादा ड्रॉप द्या." इथेच खरी काळजी घ्यायला हवी.

डोळे कोरडे का पडतात?
आपल्या अश्रूंचे तीन थर असतात. बाहेर तेलाचा, मध्ये पाण्याचा आणि आत बुबुळाला चिकटणारा श्लेष्माचा. पापणी मिटली की हे थर डोळ्यावर सारखे पसरतात. एरवी आपण मिनिटाला साधारण 15 वेळा पापण्या मिटतो. स्क्रीनकडे बघताना हे प्रमाण बरंच कमी होतं, म्हणून डोळा सुकतो. गंमत म्हणजे कोरड्या डोळ्यातूनही पाणी गळतं. डोळा चुरचुरला की शरीर एकदम पाणी सोडतं, पण ते टिकत नाही.

थेंब कसे निवडावेत?

1) बाटलीवर घटक वाचा. कार्बोक्सिमिथाइलसेल्युलोज (सीएमसी), हायप्रोमेलोज, सोडियम हायल्युरोनेट किंवा पॉलिएथिलिन ग्लायकॉल असेल, तर ते कृत्रिम अश्रू. सीएमसी 0.5 टक्के पातळ असतं, दिवसा चालतं. 1 टक्का दाट असतं, जास्त वेळ टिकतं, पण थोडा वेळ धूसर दिसतं. जेल शक्यतो रात्री झोपतानाच घाला.

2) किती वेळा लागतात ते बघा. बऱ्याच बाटल्यांत बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे टिकवण्याचं रसायन असतं. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा थेंब लागत असतील, तर हे रसायन नसलेले घ्या. नाहीतर त्यानेच डोळा चुरचुरतो.

3) लाली घालवणारे थेंब टाळा. नॅफॅझोलिनसारख्या औषधाने रक्तवाहिन्या आकसतात, डोळा पांढरा दिसतो. पण कोरडेपणा तसाच राहतो आणि औषध थांबवलं की लाली परत येते.

4) स्टिरॉइडचे थेंब स्वतःहून कधीही नको. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन ही नावं दिसली तर बाटली परत करा. बरं वाटतं, म्हणून लोक महिनोन्महिने घालतात. त्याने डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही लवकर येतो. मोतीबिंदूवर ऑपरेशन आहे. काचबिंदूने गेलेली दृष्टी मात्र परत येत नाही. शेजाऱ्याची उरलेली बाटली वापरू नये ती याचसाठी.

कसे घालावेत?
हात धुवा. खालची पापणी हलकेच ओढून एकच थेंब टाका. बाटलीचं टोक डोळ्याला लागू देऊ नका. दुसरं औषध असेल तर दहा मिनिटं थांबा. बाटली फोडल्याची तारीख तिच्यावर लिहा. साधारण महिन्याने ती टाकून द्या.

डॉक्टरांकडे केव्हा जावं?
डोळा दुखतो, उजेड सहन होत नाही, नजर कमी झाली, चिकट घाण येते किंवा एकच डोळा लाल आहे, तर थेंबांवर वेळ घालवू नका. डोळ्यांबरोबर तोंडही कोरडं पडत असेल, सांधे दुखत असतील, तर तेही सांगा. मुलांच्या बाबतीत आधी तपासणी, मगच औषध. मूल सारखे डोळे चोळत असेल तर ती ॲलर्जी असू शकते. संध्याकाळी त्याला नीट दिसत नसेल, तर 'अ' जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते.

बाकी साध्या सवयीही मदत करतात: पंख्याचा वारा थेट तोंडावर नको, दर 20 मिनिटांनी नजर लांब न्यावी आणि पापण्या मुद्दाम पूर्ण मिटाव्यात.

पुढच्या पालकसभेत ही माहिती जरूर सांगा.