फायबरग्लासचा साचा: एकसारखं येणं म्हणजे अचूक येणं नव्हे

रेडिओ कंट्रोलवर चालणाऱ्या शिडाच्या होड्यांमध्ये 'इंटरनॅशनल वन मीटर' नावाचा एक वर्ग आहे. नियमानुसार हलची लांबी जास्तीत जास्त 1000 मिलिमीटर आणि होडीचं वजन कमीत कमी 4000 ग्रॅम. एररचं गणित समजून घ्यायला या होडीचा साचा फार चांगलं उदाहरण आहे.

काम तीन टप्प्यांत चालतं. आधी होडीच्या आकाराचा नमुना करायचा, त्याला प्लग म्हणतात. प्लगवर मेण घासून फायबरग्लास चढवला की साचा. साच्याच्या आत पुन्हा फायबरग्लास लावला की हल. हलची बाहेरची बाजू साच्याला टेकलेली असते, त्यामुळे थर जाड झाला तरी बाहेरचं माप बदलत नाही. वजन तेवढं वाढतं. प्लगमधली चूक मात्र प्रत्येक हलमध्ये जशीच्या तशी उतरते. दहा हल काढा, दहाही एकसारखे चुकलेले! प्रिसिजन उत्तम, ॲक्युरसी नाही. ही सिस्टिमॅटिक एरर. सरासरी काढून ती जात नाही.

ती शिरते कुठून?

पहिली जागा म्हणजे पट्ट्यांची जाडी. आडव्या छेदांच्या फ्रेम उभ्या करून त्यांवर लाकडी पट्ट्या चिकटवल्या, तर फ्रेम तेवढी लहान कापावी लागते. पट्टी 3 मिलिमीटरची असेल तर 3 वजा करायचे, बरोबर? मधल्या भागात बरोबर. पण नाकाकडे पृष्ठभाग मध्यरेषेशी 30 अंशांचा कोन करत असेल, तर फ्रेमच्या प्रतलात तीच जाडी 3 ÷ कोसाइन 30, म्हणजे सुमारे 3.46 मिलिमीटर भरते. दोन्ही बाजू धरून होडी जवळपास एक मिलिमीटर फुगली.

दुसरी जागा म्हणजे रेझिन. पॉलिएस्टर रेझिन घट्ट होताना आकारमानाने साधारण 5 ते 8 टक्के आकसतं, इपॉक्सी बरंच कमी. काचेचे तंतू हे आकसणं रोखून धरतात, पण आत ताण राहतो. एकाच बैठकीत जाड थर दिला तर उष्णता वाढते आणि साचा वाकू शकतो. म्हणून थर टप्प्याटप्प्याने द्यायचे, बाहेरून आधाराच्या फासळ्या साचा प्लगवर असतानाच बसवायच्या, आणि पूर्ण घट्ट झाल्याशिवाय तो सोडवायचा नाही.

आता तपासणी. अर्ध्या छेदाचा कार्डबोर्डचा टेम्प्लेट उलटवून दोन्ही बाजूंना लावला की डावी-उजवी बाजू सारखी आहे का ते कळतं. पण फ्रेम आणि टेम्प्लेट एकाच चुकीच्या ड्रॉइंगवरून कापले असतील, तर दोन्ही छान जुळतात आणि चूक लपते. त्यासाठी वेगळ्या वाटेने जाणारी तपासणी हवी. गोड्या पाण्यात 4000 ग्रॅमची होडी 4 लिटर पाणी सारते. पाण्याच्या रेषेवर होडीचं क्षेत्रफळ 1000 चौरस सेंटिमीटर धरलं, तर 1 मिलिमीटर खोलीला 100 ग्रॅम. म्हणून पहिला हल निघाला की कील, बल्बसकट पूर्ण वजन भरून तो पाण्यात ठेवायचा आणि ड्रॉइंगवरच्या रेषेशी ताडून बघायचा. दोन मिलिमीटर वर तरंगला, तर आकारमानात सुमारे 200 घन सेंटिमीटरचा घोळ आहे.

तुमच्या प्रयोगातही हेच विचारा: माझी तपासणी खरंच स्वतंत्र आहे, की ज्या ड्रॉइंगवरून साचा केला त्यावरूनच मोजपट्टीही केली आहे?