टपेट कव्हर बघू, मग वय सांगू!

पंचाहत्तरीतला ट्रक विकणारा छातीठोकपणे सांगतो, "एकोणपन्नासचं मॉडेल, इंजिन कंपनीचंच." मान डोलवावी आणि आधी पेट्रोल टाकीचं तोंड शोधावं.

अमेरिकेतली शेव्हरोलेची ती गुबगुबीत पिकअप घ्या. १९४७ च्या उन्हाळ्यात आली, १९५५ च्या मार्चपर्यंत चालली. लांबून सगळ्या सारख्याच दिसतात, पण कंपनीची बारीकसारीक खुडबुड दरवर्षी चालूच होती. पेट्रोल भरायचं तोंड मागच्या हौद्याच्या बाजूला असेल तर गाडी १९४७-४८ ची. १९४९ पासून टाकी थेट केबिनमध्ये, सीटच्या पाठीमागे गेली. (बिडी ओढणाऱ्या ड्रायव्हरला याचं काय वाटलं असेल, देव जाणे!) दाराच्या काचेपुढे छोटी तिकोनी काच दिसली की १९५१ किंवा नंतरची. दाराचा दांडा खाली दाबून फिरवायचा असेल तर १९५१ पर्यंतची. बटण दाबून उघडणारा असेल तर १९५२ किंवा नंतरची. स्पीडोमीटर ताशी ८० मैलांवर थांबतो की ९० वर? तीही सीमारेषा १९५१-५२ चीच. फारच चिकित्सक असाल तर हौद्यातल्या फळ्या मोजा: १९५१ च्या मध्यावर नऊच्या आठ झाल्या. समोरची काच अखंड असेल तर १९५४ किंवा नंतरची. १९५५ चं मॉडेल मात्र एक नाही, दोन आहेत! मार्चपर्यंत जुनी घडण, मग एकदम नवी, आणि नवीत हवं तर व्ही-८ इंजिनसुद्धा.

अर्थात दार, काच, हौदा सगळं भंगारवाल्याकडे मिळतं. म्हणून एका खुणेवर विसंबायचं नाही. चार-पाच खुणा एकच साल सांगू लागल्या की मग बोलायचं.

आता बॉनेट उघडा. खरी गंमत इथे आहे. शेव्हरोलेचं सहा सिलिंडरचं इंजिन १९२९ मध्ये आलं, चार सिलिंडरच्या भावात सहा अशी जाहिरात करत. त्याचे बोल्ट घरातल्या शेगडीला असतात तसले दिसत, म्हणून लोकांनी नाव पाडलं 'स्टोव्हबोल्ट'. आपल्या पिकअपमध्ये १९५३ पर्यंत त्याचा २१६ घनइंची, म्हणजे साधारण साडेतीन लिटरचा अवतार असे. १९५४ पासून २३५ घनइंची. जुन्याच्या कनेक्टिंग रॉडला तळाशी पळीसारखे चमचे, तेच ऑइल झेलून बेअरिंगला पाजायचे. नव्यात सरळ पंपाच्या दाबाने ऑइल. मोठं इंजिन जुन्या गाडीत थोड्या खटपटीने बसतं, त्यामुळे कित्येकांनी ते कधीच बसवून टाकलंय. ओळखायचं कसं? जुन्याचं टपेट कव्हर, म्हणजे इंजिनावरचं झाकण, माथ्यावरच्या दोन नटांनी धरलेलं, नव्याचं कडेच्या चार स्क्रूंनी.

त्याहून पक्का पुरावा ब्लॉकवर. रॉकेल आणि तारेचा ब्रश घेऊन बसा. काळं ग्रीस निघालं की ओतकामातच उमटलेली उठावदार अक्षरं वर येतात, समजा 'सी १४ ९'. ए म्हणजे जानेवारी, एल म्हणजे डिसेंबर. तेव्हा सी म्हणजे मार्च, तारीख १४, आणि ९ हा सालाचा शेवटचा आकडा. १९४९ की १९५९? ब्लॉक २१६ चा असेल तर प्रश्नच मिटला, कारण १९५९ मध्ये तो बनतच नव्हता. ब्लॉक ओतल्याची तारीख गाडी बनल्याच्या थोडी आधीची हवी. ती नंतरची निघाली, तर 'कंपनीचं इंजिन' ही थाप.

डिस्ट्रिब्युटरजवळ ठोकलेला नंबर वेगळा, ओतलेला वेगळा. दोन्हींची गल्लत करू नका. कागदांवरही डोळे झाकून भरवसा नको. अमेरिकेतल्या काही राज्यांत गाडीची नोंद इंजिन नंबरावरच व्हायची, आणि विकली न गेलेली गाडी पुढच्या वर्षीची म्हणून खपायची.

फोर्डवाल्यांचा खेळ आणखी निराळा. जुन्या फ्लॅटहेड व्ही-८ चे एका हेडचे स्टड मोजा: २१ असतील तर इंजिन १९३८ पर्यंतचं, २४ असतील तर १९३८ किंवा नंतरचं.

मुंबईचाही या गोष्टीत वाटा आहे. शिवडीला जनरल मोटर्सने १९२८ मध्ये गाड्या जोडायला सुरुवात केली, १९५४ मध्ये गाशा गुंडाळला. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कारखान्यातून डॉज आणि फार्गो ट्रक निघाले. इकडे पेट्रोल परवडेना म्हणून कित्येक जुन्या ट्रकांत डिझेल इंजिनं बसली. आपल्याकडची खरी परीक्षा चेसिसवरच: पट्टीवर कागद धरा, पेन्सिल घासा, नंबर उमटतो, आरटीओत घेतात तसाच. तो आणि इंजिन नंबर आरसी बुकाशी ताडून बघा. इंजिन बदलल्याची नोंद असेल तर ठीक. नसेल, तर भाव पाडायला एवढं कारण पुरे.