खाड्यांचा हिशेब

रेवसपासून रेडीपर्यंतचा कोकणकिनारा सायकलीने पालथा घालण्याचा मनसुबा ज्यांच्या मनात येतो, ते बहुधा आधी नकाशा पसरतात, अंतर सुमारे पाचशे किलोमीटर भरते असे पाहतात, त्याला दहाने भागतात आणि रोजची पन्नासाची मजल ठरवून निश्चिंत होतात. हा हिशेब देशावरच्या सपाट मुलुखात खपून जाईल. कोकणात तो पहिल्या दोन-तीन दिवसांतच कोलमडतो. कारण सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्या येथे समुद्राला मिळण्यापूर्वी रुंद खाड्या होऊन जमीन कापीत जातात, आणि दोन खाड्यांच्या मधला जांभ्याचा सडा रस्त्याला एकदम वर ओढून घेतो व पलीकडच्या बंदराशी पुन्हा पाण्याच्या पातळीवर आणून सोडतो. समुद्राकाठचा रस्ता तो सपाटच असणार, हा समज घाटावरच्या माणसाने घरीच ठेवून निघावे, आणि निघण्यापूर्वी ब्रेकचे रबर नवे घालावे.

किनाऱ्यालगत अखंड रस्ता असावा ही कल्पना माजी मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुले यांची. ती अद्याप पुरती साकार झालेली नसली, तरी कुंडलिकेवर रेवदंड्यास पूल आहे आणि रत्नागिरीच्या दक्षिणेस भाट्ये, पूर्णगड, जैतापूर अशी पुलांची सोय आहे. मधल्या टापूत मात्र आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेश्वी, दाभोळ ते धोपावे आणि तवसाळ ते जयगड अशा चार ठिकाणी तरीचाच आश्रय घ्यावा लागतो. जीप, मोटारसायकली, माशांच्या पाट्या आणि बाजारहाट करून परतणारी माणसे यांच्या गर्दीत सायकल कठड्याला टेकवून उभे राहावे, तो पंधरा-वीस मिनिटांत पलीकडचा धक्का येतो. पण हीच तर चुकली, तर दाभोळहून गुहागरास जाण्यासाठी खेड-चिपळूणवरून लांबलचक वळसा घालणे प्राप्त होते. तेव्हा मुक्कामांची यादी करण्यापूर्वी पहिली व शेवटची फेरी केव्हा सुटते याची चौकशी त्या त्या धक्क्यावर करून घ्यावी, आणि शक्य तो संध्याकाळी खाडी ओलांडून पलीकडे मुक्काम करावा, म्हणजे सकाळचा गार प्रहर धक्क्यावर तिष्ठत फुकट जात नाही.

दुसरे साधन म्हणजे भिंतीवरचे पंचांग. कोकणातला कोळी भरतीची वेळ तोंडी सांगतो, ती अशी : तिथीची पाऊणपट करावी, येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीचा सुमार. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पक्ष कोणताही असो. त्याच्या मागेपुढे सहा तासांवर ओहोटी, आणि दर दिवशी सुमारे पन्नास मिनिटांचा उशीर. स्थलपरत्वे थोडा फरक पडतो खरा, परंतु गुहागरच्या लांबलचक पुळणीवरून, ओल्या व घट्ट वाळूवर सायकल हाकण्याचे सुख ज्यास हवे असेल, त्याने तेथली सकाळ तृतीया-चतुर्थीला येईल अशी तजवीज करावी. त्या दिवशी साडेआठ-नवाच्या सुमारास समुद्र दूर गेलेला असतो. हे सुख भोगल्यावर मुक्कामी पोचताच साखळी गोड्या पाण्याने धुऊन, पुसून तिला तेल द्यावे. खाऱ्या पाण्याचा गंज रात्र उलटण्याची वाट पाहत नाही.

दिशेविषयी माझे मत ठाम आहे : उत्तरेकडून दक्षिणेस जावे. हिवाळ्यात पहाटे जमिनीवरून मतलई वारा वाहतो आणि दुपारनंतर समुद्रावरचा वारा बहुधा वायव्येकडून येतो, तो थकलेल्या माणसाच्या पाठीस लागतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम; मार्चपासून सड्यावरचे ऊन सोसवत नाही, आणि पावसाळ्यात हा बेत मुळीच करू नये.

आहाराचा बंदोबस्त हा वेगळाच मामला आहे. लहान गावांत खानावळ दिसली तरी आगाऊ सांगितल्यावाचून जेवण मिळेलच असे नाही. सकाळी घावने किंवा आंबोळी खातानाच पुढच्या गावी दूरध्वनी करून ताट सांगून ठेवावे. दुरुस्तीचेही तसेच. मोटारसायकलीचे पंक्चर काढणारा भेटेल, पण आपल्या मापाची ट्यूब त्याच्याकडे असेलच असे नाही, म्हणून दोन ट्यूब व पंप जवळ असू द्यावेत.

रेडीपाशी महाराष्ट्राची हद्द संपते. तेथून जवळच तेरेखोलचा किल्ला लागतो. १७४६ साली पोर्तुगीजांनी तो सावंतवाडीकर भोसल्यांकडून घेतल्यामुळे नदीच्या उत्तर तीरावर असूनही तो गोव्याच्या हद्दीत आहे. परतीसाठी कोकण रेल्वेची सावंतवाडी व कुडाळ ही स्थानके किनाऱ्यापासून बरीच आत पडतात, त्यामुळे शेवटचा अर्धा दिवस त्यांच्यासाठी राखावा. आणि सर्वच गाड्या सर्वच स्थानकांवर सायकल चढवून घेत नसल्याने, तिकीट काढण्याआधी पार्सल कचेरीत विचारपूस करावी.