दुसऱ्याच्या रानातून दोन हजार मैल

जॉर्जियातल्या स्प्रिंगर डोंगरापासून मेनमधल्या कटाडिन शिखरापर्यंत 14 राज्यं ओलांडणारी अ‍ॅपलेशियन ट्रेल आज साधारण 2,190 मैल लांब आहे. ती राष्ट्रीय उद्यानांतून जाते, त्यामुळे सरकारनेच आखली आणि बांधली असेल असं बहुतेकांना वाटतं. हकिगत वेगळी आहे. पहिली कित्येक दशकं या वाटेचा मोठा हिस्सा लोकांच्या मालकीच्या रानांतून, कुरणांतून आणि लाकूड कंपन्यांच्या जंगलांतून जात होता. बहुतेक ठिकाणी तिला आधार होता तो मालकाच्या तोंडी होकाराचा.

ऑक्टोबर 1921 मध्ये बेंटन मकाय या वनतज्ज्ञाने वास्तुविशारदांच्या एका नियतकालिकात या वाटेची कल्पना मांडली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्याच्या पत्नीने, स्त्रियांच्या मताधिकारासाठी झटलेल्या जेसी स्टब्सने, जीव दिला होता. त्या धक्क्यातून सावरत असताना न्यू जर्सीतल्या मुक्कामात, नियतकालिकाच्या संपादकाच्या आग्रहाने त्याने लेख सिद्ध केला. त्याच्या डोळ्यांसमोर नुसती पायवाट नव्हती. कारखान्यांत पिचलेल्या माणसांना डोंगरमाथ्यावर राहता यावं, तिथे छावण्या आणि सहकारी शेती उभी राहावी, असा मोठा आराखडा होता. त्यातली पायवाट तेवढी प्रत्यक्षात आली.

1923 मध्ये न्यूयॉर्कजवळ बेअर माउंटन भागात पहिला नवा टप्पा खुला झाला. तिथली जमीन सार्वजनिक उद्यानाची होती, म्हणून ते लवकर जमलं. बाकी ठिकाणी एकेक मालक गाठायचा होता. हे काम पुढे रेटलं मायरन एव्हरी या मेनच्या वकिलाने. सायकलचं चाक पुढे ढकलत त्याने सगळी वाट मोजून काढली आणि जागोजागी क्लब उभे केले. स्वभावाने करडा, कुणाची भीडभाड न ठेवणारा. व्हर्जिनियात शेनान्डोआच्या माथ्यावरून मोटारीचा रस्ता निघाला तेव्हा मकायने कडाडून विरोध केला, तर एव्हरी म्हणाला की वाट बाजूला सरकवू पण तुटू देणार नाही. 1935 च्या सुमारास दोघांचं कायमचं बिनसलं. मकायचा संताप मला पटतो. तरीही वाट जमिनीवर उतरली ती एव्हरीमुळे, हे मान्य करावंच लागतं.

क्लबची माणसं लाकूडतोडीचे जुने रस्ते, गुरांच्या वाटा शोधायची, मालकाच्या दारात जाऊन विचारायची. तो ‘जा बापडे’ म्हणाला की झाडांवर खुणा रंगवायच्या. भाडं नाही, खरेदीखत नाही. या भल्या माणसांच्या विश्वासावर 14 ऑगस्ट 1937 रोजी मेनमध्ये शेवटचा तुकडा जोडला गेला आणि वाट सलग झाली.

ती सलग राहिली मात्र फार थोडा काळ. 1938 च्या सप्टेंबरमध्ये न्यू इंग्लंडमध्ये आलेल्या चक्रीवादळाने झाडं आडवी केली. त्याच साली वाटेच्या दोन्ही बाजूंना रान राखण्याचा करार झाला, पण तो सरकारी खात्यांपुरता होता. खासगी जमिनीला त्याचं बंधन नव्हतं. मग युद्ध आलं, क्लबांतली माणसं पांगली.

खरा धोका वादळाचा नव्हता. होकार देणारा म्हातारा गेला की मुलं जमीन विकत, नवा मालक कुंपण घाली, आणि वाट रानातून उठून डांबरी रस्त्यावर येई. दक्षिणेचं टोक सुरुवातीला माउंट ऑगलथॉर्पवर होतं. आजूबाजूला खासगी जमिनीवर कोंबड्यांचे फार्म आणि बांधकामं वाढत गेली, तेव्हा 1958 मध्ये ते टोकच उचलून स्प्रिंगर डोंगरावर न्यावं लागलं. त्याआधी, 1950 च्या दशकातच, व्हर्जिनियात ब्लू रिजवरचा एक लांबलचक पट्टा सोडून वाट पश्चिमेच्या राष्ट्रीय वनात हलवली गेली. पॅट्रिक आणि फ्लॉइड परगण्यांतले जे शेतकरी ती वाट आपली समजून जपत होते, त्यांना हे लागलं असणार. वाटेच्या गौरवगाथांत त्यांची आठवण फारशी निघत नाही, याची मला खंत वाटते.

2 ऑक्टोबर 1968 रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी राष्ट्रीय पायवाटांच्या कायद्यावर सही केली. सक्तीने जमीन घ्यायची मुभा मिळाली, पण दर मैलामागे 25 एकरांपुरतीच, म्हणजे जेमतेम 200 फुटांची पट्टी. राज्यांनी हालचाल करावी अशी अपेक्षा होती. बहुतेकांनी केली नाही. अखेर मार्च 1978 मध्ये अध्यक्ष कार्टर यांच्या सहीने दुरुस्ती आली. मर्यादा मैलामागे 125 एकर झाली आणि खरेदीसाठी 9 कोटी डॉलरची तरतूद झाली. वाटेच्या दोन्ही बाजूंचं रान मिळून सुमारे 1,000 फूट रुंद पट्टा राखता येऊ लागला.

हेही सहज झालं नाही. पेनसिल्व्हेनियातल्या कंबर्लंड खोऱ्यात वाट वर्षानुवर्षं रस्त्यांवरून जात होती. ती शेतांकडे वळवायचं ठरलं तेव्हा शेतकरी खवळले. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीवर सरकारचा डोळा आला तर कोण गप्प बसेल? मेनमधल्या सॅडलबॅक डोंगरावर स्की रिसॉर्टच्या मालकांशी चाललेली घासाघीस 2000 साली मिटली. आज वाटेचा 99 टक्क्यांहून अधिक भाग सुरक्षित जमिनीवर आहे.

आमच्या न्यू जर्सीत व्हर्नन गावाजवळ पोचक ओढ्याची दलदल आहे. तिथे चालणाऱ्यांना दोन मैलांहून अधिक रस्ता गाड्यांच्या बाजूने कापावा लागे. 1995 मध्ये तिथे झुलता पूल झाला, 2002 मध्ये दलदलीवरची फळ्यांची वाट पुरी झाली, आणि त्यात स्वयंसेवकांचे हात मोठ्या संख्येने होते. जमीन सरकारची झाली तरी देखभाल क्लबांकडेच राहिली. 1984 मध्ये सरकारने व्यवस्थापनाची जबाबदारीही रीतसर त्यांच्या संघटनेकडे सोपवली.

ही देखभाल म्हणजे काय, ते कामाच्या दिवशी हातात कुदळ घेतल्यावर कळतं. उतारावर वाट खचते ती चालणाऱ्यांच्या पायांनी कमी, पाण्याने जास्त. म्हणून वाटेत तिरपा दगडी बांध घालायचा. तो काटकोनात घातला तर मागे गाळ साचतो आणि पाणी वरून उडी मारतं. दगड इतका खोल बसवायचा की वर उभं राहून जोर दिला तरी हलता कामा नये. खालच्या अंगाला पाण्यासाठी चर काढायचा, आणि पानगळीनंतर तो पुन्हा मोकळा करायचा, दरवर्षी. झाडावरची पांढरी खूण 2 इंच रुंद, 6 इंच उंच. सुटी साल हलक्या हाताने खरवडून, झाडाला इजा न करता रंग द्यायचा. वळणाच्या आधी एकावर एक दोन खुणा.

एडिसनहून ही वाट गाडीने दीड तासाच्या आत आहे. आपली मराठी मंडळी डेलावेअर वॉटर गॅपला सहलीला जातात, फोटो काढतात आणि परततात. न्यूयॉर्क–न्यू जर्सी ट्रेल कॉन्फरन्स 1920 पासून वाटांच्या देखभालीचं काम करते आणि तिच्या कामाच्या दिवसांना नवख्यांनाही घेतात. अवजारं तिथेच मिळतात, शिकवणारेही असतात. पुढच्या पानगळीला मुलांना घेऊन एक दिवस या.