बर्फ, गूळ आणि घायपात

डिसेंबर लागला की कोलकात्याच्या बागबाजारातल्या मिठाईच्या दुकानांचा वास बदलतो. नोबिनचंद्र दासांनी 1868 साली रसगुल्ला नावारूपाला आणला तो याच भागात. हिवाळ्यात मात्र इथे राज्य नोलेन गुडाचं. खेजूरच्या, म्हणजे आपल्याकडच्या शिंदीच्या झाडाला रात्री मडकं बांधायचं, पहाटे रस उतरवायचा आणि तो आंबायच्या आत आटवायचा. आपण महाराष्ट्रात त्या झाडाची नीरा पितो, नाहीतर ती आंबवून शिंदी. बंगाली माणूस त्याचा गूळ करतो. धुरकट, किंचित कडवट. लाकडी पिंपात मुरलेल्या टकीलाला यापेक्षा चांगली गोडी मला माहीत नाही, म्हणून हा लेख.

कॉकटेल आहे ओल्ड फॅशन्ड. 1806 साली न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या एका वृत्तपत्राने ‘कॉकटेल’ म्हणजे काय ते वाचकाला सांगितलं होतं: मद्य, साखर, पाणी आणि बिटर्स, म्हणजे कडू वनस्पतींचा मद्यार्क. ओल्ड फॅशन्ड अजून त्याच चौकटीत आहे. अमेरिकेत त्यात व्हिस्की घालतात. न्यूयॉर्कच्या ‘डेथ अँड कंपनी’ बारमध्ये फिल वॉर्डने 2007च्या सुमारास व्हिस्की काढून रेपोसादो टकीला आणि थोडं मेस्काल, म्हणजे टकीलाचं धुरकट भावंड, घातलं, आणि ‘वाहाका ओल्ड फॅशन्ड’ जगभर पोचलं.

टकीला ज्या अगावेपासून होते, त्या कुळातलं झाड मराठी शेतकऱ्याला परकं नाही. बांधावरचं काटेरी घायपात, ज्याच्या पानांचा वाख काढून दोर वळतात, ते अगावेच. मेक्सिकोत निळ्या अगावेचा कंद सहा-आठ वर्षं वाढू देतात, भाजतात, रस आंबवतात आणि ऊर्ध्वपातन करतात. ओकच्या लाकडात किमान दोन महिने राहिली तर ती रेपोसादो, 600 लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या पिंपात वर्षभर राहिली तर आन्येहो. व्हॅनिला, दालचिनी, जळक्या साखरेचा भास, हे सगळं त्या लाकडाचं देणं. आपल्या कामाला रेपोसादो उत्तम. आन्येहो घेतलीत तर गूळ थोडा कमी घाला. बाटलीवर ‘100 टक्के अगावे’ लिहिलेलं पाहून घ्या. तसं नसेल, तर निम्म्याला थोडी कमी साखर उसाची किंवा इतर कशाची असू शकते.

टकीला हे नाव 1974पासून मेक्सिकोतल्या ठरावीक प्रदेशाला बांधलेलं आहे. गोव्याच्या काजूच्या फेणीला तसं संरक्षण 2009 साली मिळालं, बंगालच्या रसगुल्ल्याला 2017 साली. त्यामुळे दख्खनच्या पठारावरच्या घायपातापासून आपल्या देशात जे मद्य बनतं, त्याला टकीला म्हणता येत नाही. ते अगावे स्पिरिट म्हणून विकलं जातं. पिंपात मुरवलेलं मिळालं तर अवश्य वापरून पाहा.

आता बर्फ. पाककृतीत त्याचं माप कुणी लिहीत नाही, आणि घरचं कॉकटेल नेमकं तिथेच बिघडतं. एक ग्रॅम बर्फ वितळताना सुमारे 80 कॅलरी उष्णता ओढून घेतो. पेय गार होतं ते मुख्यतः या वितळण्यामुळे. म्हणजे गारवा हवा असेल तर पाणी येणारच, आणि ते यायलाही हवं: 40 टक्क्यांचं मद्य साधारण 28-30 टक्क्यांवर उतरलं की जिभेवरची जळजळ ओसरते आणि लाकडाचा, गुळाचा वास मोकळा होतो. 30 अंशांवरचं 60 मिली मद्य शून्याखाली न्यायला 20 ग्रॅमच्या आसपास बर्फ वितळतो. वैशाखातल्या कोलकात्यात बाटली आधी फ्रीजमध्ये ठेवली नाही, तर पेय गार होईतो ते पाणचट होतं. जानेवारीत एवढी काळजी लागत नाही.

या शहराला बर्फाचं अप्रूप जुनं. जवळच्या चुंचुड्याकडे थंडीच्या रात्री उथळ मातीच्या ताटल्यांत पाणी ठेवून बर्फाचा पातळ थर जमवत. मग 1833 साली फ्रेडरिक ट्युडर या बर्फाच्या व्यापाऱ्याने पाठवलेलं ‘टस्कनी’ जहाज बोस्टनहून तळ्यातला बर्फ घेऊन हुगळीत आलं. निघताना सुमारे 180 टन, चार महिन्यांनी पोचताना जवळजवळ 100 टन. झाडाच्या सालीच्या भुशाने वेढून ठेवलेला तो बर्फ विषुववृत्त दोनदा ओलांडून टिकला, कारण तो एकसंध मोठ्या लाद्यांचा होता. आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग जितका कमी, तितकं वितळणं सावकाश. आपल्या पेल्यालाही हाच नियम लागू आहे.

घरी असा बर्फ करायला पोळ्यांचा कॅसरोल पुरतो. झाकण काढा, पाणी भरा, फ्रीजरमध्ये ठेवा. बाजू आणि तळ उष्णतारोधक असल्याने पाणी वरून खाली गोठत जातं आणि हवेचे बुडबुडे खाली ढकलले जातात. तळाचं पाणी गोठायच्या आत, रात्रभराने किंवा थोडं उशिरा, बाहेर काढलंत तर वरचा थर काचेसारखा निघतो. तो पाच मिनिटं बाहेर ठेवून पाव कापायच्या दातेरी सुरीने पेल्याच्या मापाचा तुकडा करा. मासळी बाजारातली लादी चुकूनही वापरू नका. तो बर्फ खाण्याचा नसतो. महाराष्ट्रात अशा अखाद्य बर्फात निळा रंग घालण्याचा नियम 2018 साली आला तो यासाठीच.

गुळाचा पाक सोपा आहे. पाटाली, म्हणजे घट्ट ढेप, मिळाली तर दोन भाग गूळ आणि एक भाग पाणी मंद आचेवर विरघळवा आणि मलमलीतून गाळा. झोला, म्हणजे पातळ गूळ, थोडं गरम पाणी घालून तसाच चालतो. फ्रीजमध्ये ठेवा, बाहेर तो आंबतो. खडा थेट पेल्यात टाकू नका. थंड मद्यात साखर विरघळत नाही, शेवटचा घोट तेवढा गोडमिट्ट लागतो.

जाड काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात 60 मिली टकीला, चहाचा एक चमचा पाक आणि अँगोस्टुरा बिटर्सचे दोन झटके घ्या. भांडं बर्फाच्या खड्यांनी भरा आणि लांब दांड्याचा चमचा भांड्याच्या कडेने शांतपणे फिरवा. अर्धा मिनिट पुरे. पंधरा सेकंदांनी एकदा चाखा, म्हणजे फरक कळतो. हलवून घुसळायचं ते लिंबूरस असलेल्या पेयांना. इथे रस नाही, घुसळलं तर हवा शिरून पेय गढूळ होतं आणि त्याचा रेशमीपणा जातो. मोठ्या तुकड्यावर गाळा. वर गंधराज लिंबाची साल पिळा, फक्त हिरवी, पांढरा भाग टाळून. सालीतलं तेल पेयावर उडालं पाहिजे. गंधराज नसेल तर संत्र्याची साल घ्या, ती नागपुरी असली तरी झकास.

पाहुणे आठ असतील तर प्रत्येकासाठी ढवळत बसू नका. 480 मिली टकीला, 40 मिली पाक, बिटर्सचे 16 झटके आणि, कितीही जिवावर आलं तरी, 130 मिली पिण्याचं पाणी एका बाटलीत एकत्र करा. बर्फाने जे पाणी दिलं असतं ते हेच. बाटली दोन तास फ्रीजरमध्ये ठेवा आणि थेट मोठ्या बर्फावर ओता. पश्चिम बंगालमध्ये मद्यपानाचं किमान वय 21 आहे. महाराष्ट्रात अशा कडक मद्यासाठी 25, शिवाय परवाना लागतो.