दात घासायचे, पण कधी?

दुपारी दीड वाजता, डबा खाऊन झाल्यावर कुणी कॉलेजच्या बेसिनपाशी ब्रश घेऊन उभा दिसला तर आपण काय म्हणू? ‘काय रे, आत्ता उठलास?’ आपल्याकडे ब्रश म्हणजे सकाळ. तोंड धुतल्याशिवाय चहा नाही, हा घराघरातला नियम. जपानमध्ये मात्र जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या वॉशरूममध्ये दात घासणं ही अगदी साधी गोष्ट आहे. कुणी वळूनही बघत नाही!

सेकंड इयरपासून मी जपानी शिकते आहे. (आमच्या क्लासमधल्या अर्ध्या लोकांना तिकडे नोकरी हवी आहे, मलाही!) शब्द पाठ करता करता तिथल्या दातांविषयी बरंच वाचलं, तेच इथे सांगते. माझं मराठी जरा कॉन्व्हेंटी आहे, सांभाळून घ्या.

जपानीत दात म्हणजे ‘हा’ आणि घासून चकचकीत करणं म्हणजे ‘मिगाकु’. म्हणून दात घासणं झालं ‘हामिगाकी’. ब्रश आणि छोटी पेस्ट असा ‘हामिगाकी सेट’ दुकानात डबीसकट मिळतो. बरेच लोक तो पर्समध्ये नाहीतर ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवतात. घासतानाही शेजारच्याचा विचार असतो. फेस उडू द्यायचा नाही, बेसिन ओलं-घाण ठेवायचं नाही. आपल्या हॉस्टेलच्या बेसिनवर रोज सकाळी जे ‘ऑऽऽक’ संगीत चालतं, ते तिथे चालायचं नाही!

ही सवय लागते कुठे? आधी आईच्या मांडीवर. लहान मूल स्वतः दात घासतं, मग आई त्याचं डोकं मांडीवर घेऊन राहिलेले कोपरे घासते. याला ‘शिआगे मिगाकी’ म्हणतात, म्हणजे शेवटचा हात. पुढे शाळेत. अनेक प्राथमिक शाळांत जेवणानंतर सगळा वर्ग एकदम ब्रश करायचा. 2020 मध्ये कोरोना आला तेव्हा तुषार उडू नयेत म्हणून बऱ्याच शाळांनी हे थांबवलं.

आता तुम्ही म्हणाल, जपानी लोक मुळातच शिस्तीचे, आपल्याला नाही जमणार. मलाही तसंच वाटायचं. पण आकडे बघा. सरकारी सर्वेक्षणानुसार 1969 मध्ये दिवसातून दोन किंवा जास्त वेळा दात घासणारे जपानी होते फक्त 17 टक्क्यांच्या आसपास. 2016 मध्ये ते झाले 77 टक्के! 1980 च्या दशकात तिथल्या बारा वर्षांच्या मुलाचे सरासरी चारहून जास्त दात किडलेले, भरलेले किंवा काढलेले असत. आता ही सरासरी एकाच्याही खाली आली आहे. म्हणजे हे रक्तात नव्हतं, दोन पिढ्यांत घडवलं गेलं.

गंमत म्हणजे, किडलेल्या दाताला ते ‘मुशिबा’ म्हणतात. ‘मुशी’ म्हणजे किडा. आपणही दाताला कीड लागली असंच म्हणतो की! सहाला ‘मु’ आणि चारला ‘शी’ असं वाचता येतं, म्हणून 1928 पासून 4 जून हा दिवस दातांची कीड टाळण्यासाठी ठरवला गेला.

प्रत्यक्षात किडा वगैरे काही नसतो. तोंडातले जंतू साखर खाऊन आम्ल तयार करतात. पीएच साधारण 5.5 च्या खाली गेला की दातावरचं एनॅमल विरघळायला लागतं. लाळ हे आम्ल हळूहळू धुऊन काढते, एनॅमलला खनिजंही परत देते. पण झोपेत लाळ खूप कमी होते. म्हणजे रात्री जेवून तसंच झोपलं तर जंतूंना रात्रभर रान मोकळं! सकाळच्या ब्रशने तोंडाचा वास जातो, पण रात्रीचं नुकसान तोवर होऊन गेलेलं असतं.

हे मला माझ्या आजीमुळे जास्त लागतं. तिने आयुष्यभर चहाच्या आधी न चुकता दात घासले, आधी राखुंडीने, मग पेस्टने. रात्री मात्र कधीच नाही, कारण कुणी सांगितलंच नाही. आज अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तिचे स्वतःचे चार दात उरलेत. भाजलेलं कणीस ती आम्हाला देते आणि आम्ही खाताना बघत बसते. जपानमध्ये 1989 मध्ये ‘8020’ नावाची मोहीम सुरू झाली, म्हणजे ऐंशीव्या वर्षी स्वतःचे वीस दात. वीस असले की जवळजवळ सगळं चावता येतं. तेव्हा ऐंशीच्या घरातल्या दहा जणांत असा एकही भरत नव्हता. 2016 च्या सर्वेक्षणात निम्म्याहून अधिक निघाले.

आणि एक सांगू? दात घासायची काडी जपानला बौद्ध धर्माबरोबर गेली, आणि तो धर्म गेला आपल्या भारतातून. तेराव्या शतकात दोगेन नावाच्या झेन गुरूंनी ती काडी कशी चावायची, कशी फिरवायची हे सविस्तर लिहून ठेवलं आहे. चीनमध्ये भिक्षू ती विसरलेत आणि त्यांच्या तोंडाला वास येतो, अशी त्यांची तक्रारही आहे!

तेव्हा दोस्तांनो, सबमिशनच्या आदल्या रात्री एक वाजता मॅगी खाऊन आडवे होण्याआधी दोन मिनिटं काढा. आणि घरी फोन कराल तेव्हा आजी-आजोबांनाही रात्रीच्या ब्रशचं सांगा. माझ्या आजीने सुरू केलंय, चार तर चार!