मिस्त्रीला विसार देण्यापूर्वी

सोयाबीन विकले, तूर घरात आली, की आपल्या वाशीम जिल्ह्यात घराच्या गोष्टी सुरू होतात. मुलांच्या शिक्षणाकरिता वाशीम, कारंजा किंवा रिसोडला लहानसा प्लॉट घ्यावा, नाही तर गावातले जुने मातीचे घर पाडून स्लॅबचे बांधावे, असा विचार घरोघरी चालतो. मग ओळखीचा मिस्त्री येतो, पावलांनी जागा मोजतो, चौरस फुटाचा भाव सांगतो आणि विसार घेऊन जातो. नकाशा, परवानगी, अभियंता हे सारे मागाहून. पुष्कळदा कधीच नाही. खताच्या एका गोणीची पावती मागणारे आपण, आयुष्याची कमाई घालताना मात्र एक कागद मागत नाही, याचे मला नवल वाटते.

पहिली गोष्ट परवान्याची. पुष्कळांचा समज असा की ठेकेदाराकडे सरकारी परवाना असतो आणि तो असला म्हणजे काम पक्के. गाडीवर ‘शासनमान्य कंत्राटदार’ अशी पाटी असली की आपण आणखीच निर्धास्त होतो. परंतु सार्वजनिक बांधकाम खात्याकडची ती नोंदणी सरकारी कामांच्या निविदा भरण्याकरिता असते. तुमच्या घराची हमी तिच्यात नाही. घराच्या कामात परवाना पाहायचा तो नकाशा काढून त्यावर सही करणाऱ्याचा. तो १९७२ च्या वास्तुविशारद कायद्याखाली नोंदलेला वास्तुविशारद असावा, किंवा नगरपरिषदेने परवाना दिलेला अभियंता वा पर्यवेक्षक असावा. बांधकाम नियमाप्रमाणे आहे असे लिहून देण्याची जबाबदारी त्याची. त्याचा परवाना क्रमांक आणि मुदत विचारायला संकोच करू नका. विजेच्या कामालाही हाच न्याय लावावा. वायरिंग परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्या, कारण नव्या जोडणीसाठी महावितरणला त्याचाच चाचणी अहवाल लागतो.

आता परवानगी. नगरपरिषद किंवा नगरपंचायतीच्या हद्दीत महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ लागू आहे. परवानगीवाचून बांधल्यास पाडण्याची नोटीस येऊ शकते, शिवाय दंड आणि कैदेचीही तरतूद आहे. मात्र लहान घराकरिता कायदा लोक समजतात तेवढा कठोर नाही. डिसेंबर २०२० मध्ये राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली मंजूर झाली. तिच्याप्रमाणे १५० चौरस मीटरपर्यंतच्या, म्हणजे सुमारे दीड गुंठ्याच्या भूखंडावर साधे घर बांधायचे असेल, तर परवानाधारक तज्ज्ञाने प्रमाणित केलेला नकाशा व कागद दाखल करून शुल्क भरावे. ती पावती हीच परवानगी. १५० ते ३०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडाला १० दिवसांत परवानगी द्यावयाची आहे. मजल्यांच्या व उंचीच्या अटी आहेतच; त्या अभियंत्याकडून समजून घ्याव्यात. दीड गुंठ्याच्या घरासाठी वर्षभर खेटे घालावे लागतात असे कोणी सांगून तुमच्याकडून वरचे पैसे मागत असेल, तर हा नियम त्याच्यापुढे ठेवा.

खरी अडचण बहुधा घराची नसते, जागेची असते. शहरालगतचे शेत घेऊन कोणी चुन्याच्या रेघा मारतो, गुंठ्या-गुंठ्याने विकतो आणि मुद्रांकावर नोटरी करून देतो. असा कागद म्हणजे खरेदीखत नव्हे. त्यावर सात-बाऱ्याला नाव चढत नाही, घराचा नकाशा मंजूर होत नाही, आणि बँकेचा साहेब कर्जाची फाइल परत करतो. तेव्हा पैसे देण्यापूर्वी चार कागद पाहा: सात-बारा, अकृषिक आदेश, मंजूर लेआउटचा नकाशा आणि भूमी अभिलेख खात्याचा मोजणी नकाशा. लेआउट ५०० चौरस मीटरहून मोठा असेल तर विकणाऱ्याला महारेराकडे नोंदणी करावी लागते, म्हणून तो क्रमांकही विचारा. एकदा बांधून टाकू, पुढे गुंठेवारीत नियमित होईल, या भरवशावर राहू नका. गुंठेवारी कायदा २००१ चा. त्याची मुदत २०२१ मध्ये वाढवली ती ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या कामांसाठी, आणि तीही शुल्क व अटींसह.

गावात राहणाऱ्यांचे काय? गावठाणात, म्हणजे आपल्या पांढरीत, घर बांधताना परवानगी ग्रामपंचायतीची. शासनाने २०२१ मध्ये खुलासा केला की गावठाणातील ३०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडासाठी नगररचना खात्याकडे जाण्याची गरज नाही. मालकीचा कागद, नकाशा आणि परवानाधारक अभियंत्याचा दाखला ग्रामपंचायतीकडे द्यावा व विकास शुल्क भरावे. ‘नमुना ८’ वर नाव आहे म्हणून जागा आपलीच, हाही एक मोठा गैरसमज आहे. नमुना ८ ही कर आकारणीची नोंद आहे. स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन तुमच्या गावच्या सनदा आल्या असतील, तर आपली सनद हाती घेऊन चतुःसीमा एकदा वाचून पाहा. शेजाऱ्याशी होणारा तंटा बहुधा तिथेच मिटतो.

गावठाणाबाहेरच्या जमिनीवर सरपंचाच्या ‘ना हरकत’ पत्राने काम भागत नाही. तेथे महसूल खाते येते. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतील जमिनीला जमीन महसूल संहितेच्या कलम ४२-ड खाली सवलत होती आणि रूपांतरण कर भरून सनद मिळत असे. परंतु सनद झाली म्हणजे बांधकामाची परवानगी झाली असे नव्हे.

शेतातल्या घराचे वेगळे. अवजारे, कडबा, धान्य ठेवण्यासाठी, गुरांसाठी आणि शेतकऱ्याच्या कुटुंबाला राहण्यासाठी बांधलेली वास्तू कायद्याने शेतघर ठरते. कलम ४१ ने तो हक्क शेतकऱ्याला दिला आहे. शहराजवळच्या पट्ट्यात मात्र जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि जमीन ०.४ हेक्टरपेक्षा, म्हणजे एक एकरापेक्षा कमी असल्यास ती मिळत नाही.

अभियंत्याचे पैसे वाया जातात असे ज्यांना वाटते त्यांच्याशी मी मातीच्या भाषेत बोलतो, कारण ती माझ्या नोकरीची भाषा. आपली काळी कसदार जमीन कपाशी-तुरीला चांगली, पण भिंतीला वैरीण. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते. शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या याच गुणामुळे. तीच हालचाल जोत्याखाली होते आणि तिसऱ्या वर्षी खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपी चीर निघते. मग मिस्त्री सिमेंटला दोष देतो. पाया मुरमापर्यंत किती खोल न्यावा, जोत्याखालची काळी माती किती काढून मुरूम भरावा, कॉलमला सळई किती, हे जागेवर खड्डा खणून पाहिल्यावाचून कळत नाही. गावात मुरूम एका टोकाला दोन फुटांवर आणि दुसऱ्या टोकाला दहा फुटांवर लागलेला तुम्ही विहिरी खणताना पाहिलाच आहे. जोते झाल्यावर पुढे चढण्यापूर्वी ते तपासून घ्यावे असे नियमावली सांगते. ती तपासणी टाळू नका. नंतर पाया कोणाला दिसत नाही.

घरकुल मिळालेल्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगतो. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलात ठेकेदार नेमू नये, लाभार्थ्याने स्वतः घर बांधावे, असा नियम आहे. सगळे हप्ते माझ्याकडे द्या, चावीच देतो, असे म्हणणाऱ्याला नमस्कार करून वाटेला लावा.

बाकीच्यांनी ठेकेदाराशी साधा करार लिहावा. काम मजुरीवर की मालासहित, चौरस फूट बाहेरून मोजायचे की आतून, गॅलरी व जिना धरायचा का, सेंट्रिंग कोणाचे, ही भांडणाची मुळे आहेत. पैसे जोते, लिंटल, स्लॅब, गिलावा अशा टप्प्यांनी आणि टप्पा पुरा झाल्यावर द्यावेत. शेवटचा हप्ता भोगवटा प्रमाणपत्र हाती येईपर्यंत राखून ठेवावा. वाळू-मुरूम ब्रासने येतो. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, तेव्हा ट्रॉलीची लांबी, रुंदी, उंची टेपने मोजून घ्या आणि वाहतुकीचा पास पाहा. आणि स्लॅबला पाणी कोणी मारायचे तेही करारात लिहा. हल्लीच्या मिश्र सिमेंटला निदान १० दिवस ओलावा लागतो, आणि आपल्याकडे बांधकामाचा हंगाम व विहिरी आटण्याचा हंगाम एकच असतो.